येतो म्हणालो होतो

वहीत नाव लिहायची वेळ आली तेव्हा मी खोटं नाव लिहिलं.

चर्चच्या दाराशी एक छोटं टेबल होतं आणि त्यावर जाड पुठ्ठ्याची वही. नाव, देश, अभिप्राय असे तीन रकाने. माझ्या आधी दोन जर्मन आणि कॅनडाची एक बाई येऊन गेली होती. मी पेन हातात घेतलं, जरा थांबलो आणि लिहिलं, 'व्ही. जी. कुलकर्णी, भारत'. कुलकर्ण्यांशी माझं काही वैर नाही. पण ऐन वेळी खोटं नाव सुचायचं झालं की मराठी माणसाला कुलकर्णी नाहीतर जोशी, एवढंच सुचतं. अभिप्रायाचा रकाना मी कोरा सोडला.

टेबलापलीकडची बाई तिशी ओलांडलेली होती. उंच, केस अगदी बारीक कापलेले, गळ्यात स्मारकाचा बिल्ला. तिने वही आपल्याकडे फिरवून नाव वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"या, मिस्टर कुलकर्णी," ती इंग्रजीत म्हणाली. "आत फोटो काढायचे नाहीत, कशाला हात लावायचा नाही. मध्येच बाहेर यावंसं वाटलं तर खुशाल या. पुष्कळांना वाटतं."

ही गोष्ट रवांडातली. चौऱ्याण्णव सालच्या एप्रिलपासून शंभर दिवसांत त्या एवढ्याशा देशात आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. काहीजण आकडा याहून मोठा सांगतात. मरणारे बहुतेक तुत्सी होते, मारणाऱ्यांत त्यांचेच शेजारी होते, आणि पुष्कळदा मारायची जागा चर्च होती, कारण लोक आसऱ्याला तिथेच धावले होते. हे चर्चही त्यातलंच. टेकडीचं नाव मी लिहीत नाही. वाचून कुणीतरी तिथे जाईल आणि माझी चौकशी करेल, ही भीती अजून गेलेली नाही.

माझं खरं नाव मुकुंद सातपुते, गाव मिरज. त्या टेकडीखाली चहाचा कारखाना होता. तिथली पानं वाळवायची यंत्रं सांभाळायला मी एक्याण्णव साली गेलो. बायको शालन बरोबर होती. कारखान्यामागे आम्हाला बंगला मिळाला आणि घरकामाला स्पेसियोज नावाची एक तुत्सी बाई. शालनच्या जिभेला ते नाव काही केल्या वळेना. चौथ्या दिवशी तिने त्याचं 'पेशू' करून टाकलं.

शालनला फ्रेंच येत नव्हतं आणि शिकायची हौसही नव्हती. "तीन वर्षांसाठी कशाला तोंड वाकडं करून घ्यायचं," म्हणायची. त्यामुळे शिकली ती पेशू. परात, झाकण, 'उतू जाईल बघ', सगळं सहा महिन्यांत तिच्या तोंडी बसलं. स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात उतरायला एक तिरपी पायरी होती. शालन तिच्यावरून दोनदा सपशेल पडली होती, त्यामुळे 'सावकाश, पायरी आहे' हे वाक्य त्या घरात दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं. शाळा सुटली की पेशूची थोरली मुलगी क्लोदिन यायची आणि कणकेच्या गोळ्याची चित्रं करत बसायची. धाकटी अँजेलिक आईच्या पाठीला बांधलेली असे. पेशूचा नवरा अँजेलिक पोटात असतानाच तापाने गेला होता.

मी तिथे चोवीस वर्षांनी परत गेलो होतो ते एवढंच कळून घ्यायला, की पेशू जिवंत आहे का. आणि नसेल, तर ती माझ्या एका शब्दापायी मेली का.

तो शब्द सांगायचा तर त्या सकाळचं सांगायला हवं.

चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये शालन भाचीच्या लग्नाला मिरजेला गेली. एप्रिलच्या सहा तारखेला राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून रस्त्यारस्त्यांवर नाके उभे राहिले. तिथल्या ओळखपत्रांवर जात लिहिलेली असे, हुतू की तुत्सी. नाक्यावर तेवढं बघायचे. मी तेव्हा एकटा होतो, असं म्हणायची मला सवय आहे. एकटा नव्हतो. पेशू त्याही दिवसांत कामाला येत होती, आडवाटेने, चहाच्या मळ्यातून.

चौथ्या दिवशी निरोप आला की परदेशी माणसांच्या गाड्या एकत्र करून बुरुंडीच्या हद्दीपर्यंत नेणार आहेत. आमचा मॅनेजर बेल्जियन होता. सकाळी आठला तो स्वतः जीप घेऊन बंगल्याच्या फाटकाशी आला. मागच्या बाकावर मी एकटाच बसणार होतो. माझ्याकडे एक बॅग होती आणि शालनचा देव्हारा. शिसवीचा, हातभर उंच, आत अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि टाक. देव मागे ठेवून कसं जायचं? माझ्या डोक्यात त्या सकाळी शालनला काय तोंड दाखवू हाच एक विचार होता, आणि तो देवांच्या बाबतीत होता.

फाटकाशी पेशू उभी होती. पाठीला अँजेलिक, हाताशी नऊ वर्षांची क्लोदिन, अंगावर शाळेचा निळा फ्रॉक.

"मुसियो मुकुंदो," ती म्हणाली, "मुलींना कार्ड नसतं." लहान मुलांना ओळखपत्र नसे, हे खरं होतं. मग ती मराठीत म्हणाली, "मुलींना न्या."

स्वतःबद्दल ती काही म्हणाली नाही.

मी जीपकडे गेलो. खिडकीशी वाकलो. परत आलो आणि तिला सांगितलं, "मॅनेजर नाही म्हणतो. नाक्यावर मुलींचे चेहरे बघतील. मग सगळेच जाऊ. पेशू, माझा इलाज नाही."

तिने जीपमध्ये पाहिलं. बाकावर देव्हारा ठेवला होता, चादरीत गुंडाळून. मग तिने क्लोदिनचा हात आपल्याकडे ओढून घेतला.

आता काहीतरी बोलून निघायला हवं होतं. मी मिरजेचा माणूस, जन्मात कुणाच्या दारातून 'जातो' म्हणून निघालेलो नाही. तोंडातून आपसूक आलं, "येतो."

आणि पेशू हसली. तिचा चेहरा एकदम सैल पडला, कपाळावरची आठी गेली. ती म्हणाली, "या."

जीप सुरू झाली तेव्हा मला कळलं की तिने काय समजून घेतलं असणार. संध्याकाळी मी कारखान्यातून फोन करायचो, 'येतो', की ती आधण ठेवायची. तिच्या लेखी येतो म्हणजे हा माणूस येतोय. मी मुलींना न्यायला परत येणार असं ती समजली होती. तिला तसं वाटतंय हे मला दिसलं. जीप थांबवून 'तसं नाही, पेशू, आम्ही निघताना असंच म्हणतो, तू पळ, मळ्यातून हद्दीकडे पळ,' एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी सांगितलं नाही. तिच्या त्या हसण्याने माझं निघणं सोपं झालं होतं आणि ते मला अवघड करून घ्यायचं नव्हतं.

मिरजेला पोचल्यावर शालनने पहिला प्रश्न पेशूचाच विचारला. मी सांगितलं, ती आधीच मुलींना घेऊन बुरुंडीला भावाकडे गेली. "पत्ता घ्यायचा नाही का हो," शालन म्हणाली, आणि पुढची बावीस वर्षं अधूनमधून म्हणत राहिली. देव्हारा पुन्हा भिंतीला लागला. ती रोज त्याच्यापुढे बसून पेशूचं आणि मुलींचं चांगलं मागायची. त्या वेळी मी बाहेर गॅलरीत जाऊन पेपर उघडून बसायचो. लोक मला नास्तिक समजू लागले. सोळा साली शालन गेली, ती पेशू बुरुंडीत सुखात आहे असं समजून गेली. तिच्यामागे ते घर मला खायला उठलं. दोन वर्षं कशीतरी काढली आणि एकाहत्तराव्या वर्षी, मुलगा 'बाबा, आफ्रिकेत कसली सहल' म्हणत असताना, तिकीट काढलं.

आणि तिथे जाऊन नाव कुलकर्णी लिहिलं.

चर्चमध्ये बाक तसेच होते आणि बाकांवर कपडे होते. मेलेल्यांच्या अंगावरचे कपडे, थरावर थर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पत्र्याच्या छपराला भोकं होती आणि त्यातून उजेडाचे कवडसे कपड्यांवर पडले होते. त्या बाईने भोकं कसली ते सांगितलं. किती माणसं आत होती, दार किती वेळ टिकलं, तेही सांगितलं. तिचा आवाज सपाट होता. रोज सांगावं लागणाऱ्या माणसाचा आवाज.

माझं तिच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. शालनने पेशूला एक इरकली साडी दिली होती, हिरवी, लाल काठाची. पेशू ती खांद्यावर गाठ मारून तिथल्या बायकांसारखी पांघरायची. मी बाकामागून बाक तो लाल काठ शोधत होतो. पण चोवीस वर्षांत सगळ्या कपड्यांचा मिळून एकच रंग झाला होता, मातीचा. काठ कुठे दिसेना. लाज वाटते सांगायला, पण मला बरं वाटू लागलं. साडी नाही म्हणजे पेशू नाही, असा हिशेब मी मनात मांडूनसुद्धा टाकला. कदाचित खरंच ती बुरुंडीला गेली असेल. कदाचित मी शालनशी खोटं बोललोच नसेन.

"काही शोधताय का?" बाईने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "बघतोय."

ती वेदीच्या बाजूच्या दाराने मला मागे घेऊन निघाली. मागच्या अंगणात नावांची भिंत होती. दारातून बाहेर पाऊल टाकताना उन्हाने माझे डोळे दिपले, आणि त्याच वेळी कोपराला तिचा हात लागला.

"सावकाश," ती म्हणाली. "पायरी आहे."

मी सावकाश उतरलो. दोन पावलं पुढे गेलो. मग माझ्या ध्यानात आलं की ती हे मराठीत म्हणाली.

मी वळलो तेव्हा ती पायरीवरच उभी होती.

"कुलकर्णी का लिहिलंत, मुसियो मुकुंदो?" तिने विचारलं.

"क्लोदिन," मी म्हणालो. ती माझ्या हाताला धरून अंगणातल्या सिमेंटच्या बाकावर घेऊन गेली आणि बाटली उघडून दिली. पाणी पिताना माझ्या शर्टावर सांडलं.

"तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हाच ओळखलं," ती म्हणाली. "या टेकडीवर आजवर दुसरा कुणी उमुहिंदी आलेला नाही. आणि तुम्ही अजून हात मागे बांधून चालता." उमुहिंदी म्हणजे हिंदुस्थानी माणूस. आमचं बोलणं इंग्रजी-फ्रेंचच्या खिचडीत चाललं होतं. ती जिथे मराठी बोलली तिथे मी तसं सांगतो आहे.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला ओळख द्यायची नव्हती. पाहुण्याच्या मनाविरुद्ध कशाला?" मग तिने विचारलं, "मादाम कशा आहेत?"

"गेली. दोन वर्षं झाली."

तिने छातीवर क्रूस काढला. मग बसल्या जागेवरून भिंतीकडे हात केला. काळ्या दगडावर पांढऱ्या अक्षरांत नावं होती, फार नावं होती. "तिसरी ओळ, मधोमध. खाली अँजेलिक."

मी उठून गेलो आणि वाचलं. मुकागासाना स्पेसियोज. तिचं आडनाव मला त्या दिवशी कळलं. तीन वर्षं ती माझ्या घरात होती.

परत येऊन बसलो आणि ठरवून आलो होतो ते बोलायला सुरुवात केली. मनात कितीतरी वेळा घोळवलेलं होतं, त्यामुळे भराभर आलं. "क्लोदिन, माझी चूक झाली. त्या दिवशी निघताना मी 'येतो' म्हणालो. आमच्याकडे निघताना तसं म्हणायची पद्धत आहे. पण तुझ्या आईला वाटलं, मी परत येणार. म्हणून ती थांबली. मी ते बोललो नसतो तर ती पळाली असती. एका शब्दाने घात केला."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं.

"तुम्ही इतकी वर्षं असं समजत होतात?"

"ती हसली होती. 'या' म्हणाली होती."

"मग? येतो म्हटल्यावर या म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?" आणि तिने मराठीत, शालनच्या आवाजात, अगदी शालनच्या हेलात म्हटलं, "जाते म्हणू नये गं, पेशू. येते म्हणावं."

मी बाटली तोंडाशी नेली आणि तशीच खाली घेतली.

"पहिल्याच वर्षी शिकवलं मादामनी. आई संध्याकाळी 'जाते' म्हणून निघाली, तर मादाम ओल्या हातांनी दारात आडव्या आल्या. आईला ते फार आवडलं. आमच्या घरात मग तोच नियम झाला. शाळेला निघताना मी आमच्या भाषेत 'जाते' म्हटलं की आई दारात हात आडवा लावायची. 'येते' म्हटल्याशिवाय सोडायची नाही. उशीर झाला, मार बसला, तरी नाही." ती हसली. हसताना ती थेट पेशू दिसत होती. "तुम्ही येतो म्हणालात तेव्हा तिला बरोबर कळलं, मुसियो. तुम्ही निरोप घेत होतात."

"मग ती हसली का?"

"जाणाऱ्याला तोंड पाडून निरोप द्यायचा नाही, हेही मादामनीच शिकवलं होतं ना?"

मिरजेच्या घरातून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला शालन उंबऱ्यापर्यंत येऊन, हसून 'या' म्हणायची. कितीही राग असला तरी. पेशूने मला तसा निरोप दिला होता. मी तिला फसवून निघालो असं मी चोवीस वर्षं मानत आलो, आणि ती सगळं समजून फाटकाशी उभी होती.

"चर्चमध्ये मुलं रडायला लागली की ती सगळ्यांना सांगायची, उमुहिंदी येतो म्हणालाय, गाडी घेऊन येणार आहे," क्लोदिन म्हणाली. "लोक गप्प व्हायचे. पण मला तिने वाटेतच खरं सांगितलं होतं, मळ्यातून येताना. तो यायचा नाही, म्हणाली. त्याला आपल्याला न्यायचं होतं, पण त्याच्या साहेबाने नाही म्हटलं. त्याला कधी दोष देऊ नकोस."

मी जमिनीकडे बघत होतो. बुटाची नाडी सुटली होती.

"तिसऱ्या दिवशी कारखान्यात पानं निवडणारी एक हुतू म्हातारी आली. मी तिच्या नातीसारखी दिसते म्हणून ती मला घेऊन जायला तयार झाली. एकीलाच. अँजेलिक तान्ही, वाटेत रडली असती. मी जाईना, तेव्हा आईने मला दाराशी नेलं आणि म्हणाली, येते म्हण." क्लोदिनने पाण्याची बाटली माझ्या हातातून घेऊन झाकण लावलं. "मी म्हटलं, येते. ती म्हणाली, ये. दुसऱ्या दिवशी सकाळी झालं ते सगळं."

कोणीतरी अंगण झाडत होतं, खराट्याचा आवाज येत होता. माझं काम खरं तर झालं होतं. जे विचारायला आलो होतो त्याचं उत्तर मिळालं होतं. माझ्या शब्दाने कुणी मेलं नव्हतं. आणि पेशूने मला माफही करून ठेवलं होतं, मुलीला बजावून. आता उठायचं, क्लोदिनच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि हलकं होऊन मिरजेला जायचं. माझ्या वयाच्या माणसाला याहून जास्त काय मिळतं?

मला ते मिळत होतं आणि मला ते घेता येत नव्हतं.

"ती वही बघू," मी म्हणालो.

"कुठली?"

"नावाची. नाव चुकलंय ना."

ती समोरच्या दाराशी जाऊन वही घेऊन आली. मी कुलकर्णी खोडला आणि वर लिहिलं, मुकुंद सातपुते. मग तिसऱ्या रकान्यात लिहायला लागलो. इंग्रजीत जमेना. फ्रेंचही जमेना. शेवटी मराठीत लिहिलं, एकच ओळ, आणि वही तिच्यापुढे केली. मला वाटलं होतं, लिहून टाकलं की झालं. तिला कुठे वाचता येतंय.

पण क्लोदिनने वही घेतली नाही. "मला तुमची अक्षरं येत नाहीत," ती म्हणाली. "वाचून दाखवा."

"अभिप्राय आहे. सगळे लिहितात तसा."

"वाचा, मुसियो."

मी वाचलं. मराठीत वाचलं, मग तिला कळेल असं सांगितलं.

"मी मॅनेजरला विचारलंच नव्हतं."

आणि लगेच पुढे बोललो. थांबलो असतो तर पुन्हा कधी बोललो नसतो. "मी जीपच्या खिडकीशी वाकलो. त्याला विचारलं, किती वेळ लागेल हद्दीला. तो म्हणाला, नाके धरून चार तास. बस, एवढंच. मुलींचं नावच काढलं नाही. मला भीती वाटत होती की तो हो म्हणेल. हो म्हणाला असता तर चार तास तुम्हाला माझ्या मांडीशी घेऊन नाक्यांवरून जावं लागलं असतं. मग येऊन तुझ्या आईला सांगितलं, तो नाही म्हणतो."

खराट्याचा आवाज थांबला होता. क्लोदिनने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, एकावर एक.

"बाकावर ती पेटी होती," ती अखेर म्हणाली. "चादरीतली. मी इतकी वर्षं विचार करते, तिच्यात काय होतं."

"देव होते," मी म्हणालो. "आमचे घरचे देव."

तिने मान हलवली. समजल्यासारखी, किंवा नुसतीच. मग विचारलं, "तो हो म्हणाला असता का?"

"माहीत नाही. मॅनेजरही आता वारला. ते कळायचा काही मार्ग नाही. मला वाटतं, म्हणाला असता. त्याला तुझ्याएवढी मुलगी होती."

क्लोदिनने वही मिटली आणि काखेत घेतली. ती भिंतीकडे गेली आणि तिसऱ्या ओळीपाशी माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी बाकावर बसून राहिलो. मला रडू येत होतं आणि तिथे रडायचा मला काही हक्क नव्हता, म्हणून मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसलो.

परत आली तेव्हा तिचा आवाज पुन्हा चर्चमधला, सपाट झाला होता. "चला," ती म्हणाली. "तुमचा ड्रायव्हर थांबलाय."

आम्ही चर्चला वळसा घालून पुढच्या फाटकाशी आलो. ती मला पोचवायला आली, कारण पाहुण्याला फाटकापर्यंत पोचवायचं असतं. ते तिला दोन्हीकडून शिकवलं होतं. लोखंडी फाटक तिने उघडून धरलं. मी बाहेर पडलो आणि वळलो.

तोंडाशी तोच शब्द आला होता. एकाहत्तर वर्षांची सवय. क्लोदिन वाट बघत उभी होती, एक हात फाटकाच्या गजावर. मी पुन्हा कधी तिथे येणार नव्हतो. ते तिलाही माहीत होतं.

"काय म्हणू?" मी विचारलं.

"खरं असेल ते म्हणा."

मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या दारात म्हणालो, "जातो, क्लोदिन."

मला वाटलं, ती आता हात आडवा लावेल. आई लावायची तसा. असं म्हणू नये म्हणेल. मी खरंच थोडा थांबलो, त्यासाठी.

तिने फाटक ओढून घेतलं आणि कडी लावली.